निसर्गवर्णनातली चेतनागुणोक्ती आणि कथेतली उत्कंठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेतनागुणोक्ती म्हणजे नेमकं काय? उपमा, रूपक यांच्यापेक्षा ती वेगळी कशी?

निर्जीव वस्तू किंवा निसर्गातली एखादी गोष्ट माणसासारखी वागते असं वर्णन केलं की चेतनागुणोक्ती होते. फरक एकाच डोंगरावर करून पाहा. "डोंगर म्हाताऱ्यासारखा वाकला होता" ही उपमा. "डोंगर म्हणजे जणू म्हाताराच" ही उत्प्रेक्षा. "हा म्हातारा डोंगर सगळ्यांच्या आधीपासून इथे बसलाय" इथे रूपकाची छटा आली. आणि "डोंगराने मान वर केली नाही" ही चेतनागुणोक्ती. आधीच्या तिन्ही वाक्यांत 'म्हातारा' हा शब्द आहे. चौथ्यात माणसाचं नावही नाही, फक्त त्याचं वागणं आहे.

संस्कृत साहित्यशास्त्रातली समासोक्ती याच्या अगदी जवळची. तिथेही समोर असलेल्या गोष्टीवर, न सांगितलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वागण्याचा आरोप केलेला असतो. कथा लिहिणाऱ्याने यातली एकच गोष्ट उचलावी: वागणं उघड, वागणारा झाकलेला. भीतीचं आणि उत्सुकतेचं बी इथेच आहे.

वातावरण आणि उत्कंठा एकच ना?

नाही, आणि बहुतेक वर्णनं इथेच घसरतात. वातावरण ही भावना आहे. उत्कंठा हा प्रश्न आहे.

"तळं उदास होतं" असं लिहिलं की वाचकही थोडा उदास होतो आणि पुढच्या वाक्याकडे जातो. "तळं वाट पाहत होतं" असं लिहिलं की तो विचारतो, कोणाची? दोन्ही वाक्यांत तळ्याला माणूसपण दिलंय. पहिल्यात त्याला भाव दिला, दुसऱ्यात हेतू दिला. भावाने वातावरण तयार होतं, हेतूने उत्कंठा. या पानावरच्या बाकीच्या उत्तरांचा गाभा हाच आहे.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण अनेकांना माहीत असेल. प्रेक्षकाला बॉम्बचा पत्ता नसेल तर स्फोटाचा धक्का 15 सेकंदांचा. आधीपासून ठाऊक असेल तर उत्कंठा 15 मिनिटांची. निसर्गवर्णनात प्रत्येक वेळी बॉम्ब दाखवता येत नाही. पण निसर्गाला काहीतरी ठाऊक आहे, एवढं मात्र दाखवता येतं. पात्राला ते ठाऊक नाही, आणि वाचकाला इतकंच कळलंय की झाडांना ठाऊक आहे.

हेतू द्यायचा म्हणजे वाक्यात नेमकं काय बदलायचं?

विशेषणं बदलून फार काही होत नाही. 'भेसूर', 'गूढ', 'भयाण' हे शब्द वाचकाला काय वाटायला हवं ते सांगतात, आणि सांगितलेलं तो ऐकत नाही. काम क्रियापदात करायचं. मराठीत त्यासाठी तीन हाताशी असलेल्या जागा आहेत.

पहिली जागा 'ने'ची. "वाट अडली होती" यात कोणीच काही केलेलं नाही. "डोंगराने वाट अडवली होती" म्हटलं की करणारा आला. अडणे-अडवणे, लपणे-लपवणे, मिटणे-मिटवणे, वळणे-वळवणे अशा जोड्यांत अकर्मकाकडून सकर्मकाकडे सरकलं की वस्तूला इच्छा चिकटते. इथे एक सावधगिरी. "वाऱ्याने दिवा विझवला" हे रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे, त्यात कोणालाही काही वावगं दिसणार नाही. वारा, पाऊस, ऊन यांना 'ने' लावून लावून ते बोथट झालंय. जी गोष्ट प्रत्यक्षात ते काम करूच शकत नाही, तिला 'ने' लावा. "अंधाराने दिवा विझवला" इथे वाचक थबकतो.

दुसरी जागा सहायक क्रियापदाची, आणि ही आपल्या भाषेची खास सोय आहे. एक फाटक घ्या.

फाटकाने तिला पाहिलं.
फाटकाने तिला पाहून घेतलं.
फाटकाने तिला पाहून ठेवलं.

पहिलं वाक्य नुसतीच कल्पना आहे, थोडं बालकथेसारखंही वाटतं. दुसऱ्यात तपासणी आली, फाटकाने स्वतःच्या कामापुरतं पाहिलं. तिसऱ्यात 'ठेवलं' आहे. ठेवलेली गोष्ट पुढे कधीतरी काढायची असते. एका शब्दाने कथेत भविष्यकाळ शिरला, तोही एकही धमकी न देता. याच जातीचं 'देणे' आहे: "झाडांनी तिला आत येऊ दिलं." म्हणजे अडवणं त्यांच्या हातात होतं. मग बाहेर जाऊ देतील का? हा प्रश्न लेखकाने लिहिलेला नाही, 'दिलं'ने विचारलेला आहे.

तिसरी जागा रिकामी ठेवायची. कर्म गाळायचं. "पायऱ्या मोजत होत्या." काय मोजत होत्या ते लिहू नका. "रान कोणाला काही सांगत नव्हतं" पेक्षा "रानाने सांगितलं नाही" जास्त टोचतं, कारण दुसऱ्या वाक्यात सांगण्यासारखी एक ठरावीक गोष्ट आहे असं कळतं.

या तिन्ही युक्त्या एकाच वाक्यात कोंबल्या की वाक्य कोडं होऊन बसतं. एका वाक्याला एक पुरते.

एखादा उतारा टप्प्याटप्प्याने करून दाखवाल का?

आधी अगदी सपाट मसुदा लिहा. अलंकार नाही, विशेषणही शक्यतो नाही.

"ती तळ्याच्या काठी आली तेव्हा अंधार पडत होता. पाण्यावर वारा नव्हता. पलीकडच्या काठाला झाडं होती. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर एक चप्पल होती."

पहिली तपासणी: यात खटकणारी एक तरी ठोस वस्तू आहे का? इथे आहे, एकच चप्पल. ती नसती तर पुढचं सगळं माणूसपण हवेत तरंगलं असतं. चेतनागुणोक्ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, पुराव्यावर उजेड तेवढा टाकते.

दुसरा टप्पा: भाषेत आधीच झोपलेली चेतनागुणोक्ती शोधा. "अंधार पडत होता" यात आहे, पण ती जागी होणं कठीण. "पायऱ्या पाण्यात उतरत होत्या" ही मात्र नुसती कूस बदलली तरी जागी होईल.

तिसरा: एकच वस्तू निवडा. इथे पाणी नको, झाडं नकोत, पायऱ्या घ्या. कारण थोड्या वेळाने पात्राचे पाय त्यांच्यावर पडणार आहेत. ज्या वस्तूला पात्र हात लावणार, जिच्यावर पाय ठेवणार, जिच्यातून जाणार, तिला जिवंत करणं नेहमी जास्त फळतं. लांबचं आभाळ कितीही डोळे वटारून पाहो, ते लांबच राहतं.

चौथा: फिरवून लिहा.

"ती तळ्याच्या काठी आली तेव्हा अंधार पडत होता. पाण्यावर वारा नव्हता. पलीकडच्या काठाला झाडं होती. दगडी पायऱ्या एकामागून एक पाण्यात उतरल्या होत्या. त्यांतली कोणीच वर आली नव्हती. सगळ्यात वरच्या पायरीवर एक चप्पल होती."

बदल किती झाला? 'उतरत होत्या'चं 'उतरल्या होत्या' केलं, त्याआधी 'एकामागून एक' जोडलं आणि एक छोटं वाक्य घातलं, बस. पण त्या छोट्या वाक्यातला 'कोणीच' नीट पाहा. पायऱ्यांसाठी साधा शब्द 'कोणतीच' किंवा 'एकही'. 'कोणीच' आपण माणसांसाठी राखून ठेवतो. पायऱ्यांना डोळे, तोंड, हात काहीही न देता त्या सर्वनामाने माणसांच्या रांगेत बसवलं. मुद्रितशोधनात कोणी 'कोणीच'चं 'कोणतीच' करून ठेवलं, तर उताऱ्याचा जीव गेला.

पाचवा: क्रम. चप्पल शेवटीच हवी. ती आधी आली तर पायऱ्यांचं वाक्य तिचं स्पष्टीकरण होतं. नंतर आली की चप्पल त्या वाक्याचा पुरावा होते, आणि तो निष्कर्ष वाचकाने स्वतः काढलेला असतो.

आता हाच उतारा बिघडवून पाहू. "भेसूर अंधार दात विचकत होता, तळं जिभल्या चाटत होतं, झाडं आपसात कुजबुजत होती आणि पायऱ्या तिला गिळायला टपून बसल्या होत्या." चार कर्ते, चार वेगवेगळे हेतू. नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. त्याहून मोठी चूक शेवटच्या शब्दांत आहे. 'गिळायला' म्हटलं की प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. उत्कंठा तिथेच संपली, उरला आरडाओरडा.

एका कथेत किती वापर योग्य?

संपादन करताना उपयोगी पडणारा अंदाज असा: 800 ते 1000 शब्दांच्या प्रसंगात ठळक चेतनागुणोक्ती एक, आणि फार तर दोन हलके स्पर्श. 3000 शब्दांच्या कथेत एकच वस्तू तीनदा परत आणावी, मध्ये निदान 500 शब्दांचं अंतर ठेवून. दर वेळी ती एक पाऊल पुढे सरकलेली हवी. पहिल्यांदा नदी ऐकते, दुसऱ्यांदा गप्प होते, तिसऱ्यांदा काहीतरी करते. तिन्ही वेळा नुसतीच ऐकत राहिली तर ती सजावट.

प्रत्यक्ष संकट आल्यावर मात्र निसर्गाला निर्जीव होऊ द्या. दार उघडून कोणी आत आलं, की झाडं झाडंच राहिली पाहिजेत. दोन हेतू एकाच वेळी रंगमंचावर असले की खरा हेतू झाकोळतो. चांगल्या वठलेल्या भयकथांत ऐन क्षणीची वाक्यं बहुधा कोरडी असतात: दार, हात, कडी, पाय.

हे वर्णन कोणाच्या डोळ्यांनी करायचं? लेखकाच्या की पात्राच्या?

हा प्रश्न आधी सोडवा, अलंकार नंतर. 'मेघदूत' काव्यात मेघाला निरोप्या करताना कालिदासाने पूर्वमेघाच्या, म्हणजे पहिल्या भागाच्या, पाचव्याच श्लोकात खुलासा केलेला आहे: धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा गोळा असलेला मेघ कुठे आणि निरोप पोचवणं कुठे, पण कामार्त माणसाला चेतन-अचेतनातला भेद राहत नाही. थोडक्यात, ढगाला माणूस कवी मानत नाही, निरोप धाडणारा विरही यक्ष मानतो. दृष्टिकोनाचा इतका स्वच्छ धडा शोधूनही सापडणार नाही.

पुढे 1856 मध्ये इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने याच गोष्टीला दोष म्हणून नाव दिलं. बुडालेल्या मुलीला होडीतून ज्या फेसावरून किनाऱ्याला आणलं, त्या फेसाला एका कवितेत क्रूर, सरपटणारा म्हटलं होतं. फेस क्रूर नसतो आणि सरपटतही नाही, असं रस्किनचं म्हणणं. दुःखाने विवेक डळमळलेल्या मनालाच तसं दिसतं. गंमत अशी की कथाकाराला नेमकं तेच हवं असतं! डळमळलेलं मन दाखवायचं तर हा दोष गुण ठरतो. फक्त ते मन कोणाचं, हे वाचकाला कळलं पाहिजे.

व्यवहारात याचा अर्थ असा. निवेदन प्रथमपुरुषी असेल किंवा तृतीयपुरुषी असूनही एकाच पात्राच्या आतून चाललेलं असेल, तर उपमानं त्या पात्राच्या जगातली हवीत. कोळ्याला समुद्र जाळं आवरताना दिसेल. शिक्षिकेला रान हजेरी घेताना दिसेल. हिशेबनीसाला पाऊस थकबाकी वसूल करताना. नऊ वर्षांच्या मुलाला दरी 'अथांग कारुण्याने' पाहताना दिसली, तर ते लेखकाचं बोट पात्राच्या खिशात सापडल्यासारखं आहे.

सर्वज्ञ निवेदक असेल तर मामला गंभीर. तिथे निसर्गाच्या हेतूची हमी खुद्द निवेदकाने दिलेली असते. ती पुढे पाळावी लागते.

'वारा रडत होता', 'झाडं कुजबुजत होती' यांत चूक काय?

चूक नाही, झीज आहे. हे शब्द इतक्या वेळा हाताळले गेलेत की वाचक त्यांवरून न थांबता पुढे जातो. 'मृत्यूसारखी शांतता', 'रात्र श्वास रोखून होती', 'अंधाराने विळखा घातला', 'खिडक्या डोळे वटारून पाहत होत्या' ही सगळी त्याच पेटीतली नाणी. त्यातून 'कुजबुजणे' हे क्रियापद पानांच्या आवाजाच्या इतकं जवळ आहे की त्यात माणूस उरलेलाच नाही.

दुरुस्तीचा सोपा मार्ग: आवाजाची क्रियापदं सोडून कामाची क्रियापदं घ्या. मोजणे, आवरणे, झाकणे, राखणे, हातचं राखणे, सोडवणे, निवडणे, परत करणे, बाजूला होणे. "झाडं कुजबुजत होती" ऐवजी "तो बोलू लागला तशी झाडं गप्प झाली". दुसऱ्या वाक्यातही आवाज आहेच, पण आता झाडांनी बोलणं थांबवलंय, तेही याच्यामुळे.

मराठीत नामांना लिंग असतं. त्याचा फायदा घेता येतो का?

भरपूर, आणि तो न घेता लिहिलेली वर्णनं भाषांतरासारखी वाटतात. आपल्याकडे नदी, वाट, दरी, रात्र, विहीर, टेकडी स्त्रीलिंगी. डोंगर, रस्ता, ओढा, वारा, काळोख पुल्लिंगी. तळं, रान, झाड, धुकं, आभाळ, घर नपुंसकलिंगी. म्हणजे "नदी थांबली" म्हणताच एक बाई थांबलेली असते. अर्धं काम व्याकरणानेच करून ठेवलंय.

पण उत्कंठेसाठी ही सोय अडचणही ठरते. नदी म्हटलं की आई, लेक, नवरी या तयार भूमिका धावत येतात. डोंगर म्हटलं की म्हातारा नाहीतर पहारेकरी. नपुंसकलिंगी शब्दाला अशी तयार भूमिका नसते. तळं कोण आहे ते कळत नाही. शिवाय मराठीत 'ते' आपण लहान मुलाला म्हणतो, जनावराला म्हणतो, आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही त्यालाही म्हणतो. "ते बघतंय" एवढ्यानेही अंगावर काटा येतो. म्हणून भीती हवी असेल तिथे पर्यायी नपुंसकलिंगी शब्द आहे का ते पाहा: टेकडीऐवजी टेकाड, दरीऐवजी खोरं, नदीऐवजी पात्र. एक प्रयोग करून पाहा. कथेच्या सुरुवातीला 'टेकडी' लिहा आणि मध्यावर कुठेतरी गाजावाजा न करता तिचं 'टेकाड' करा. वाचकाला बदल दिसणार नाही, जाणवेल.

जमिनीच्या नावांत शरीरही दडलेलं आहे. डोंगराचा माथा, पायथा, कूस, सोंड, खिंडीचं तोंड, नदीचं मुख. हे शब्द बोलून बोलून निर्जीव झालेत, म्हणूनच कामाचे. वाचक त्यांना अलंकार समजत नाही. उदाहरणार्थ:

"ती खिंडीच्या तोंडाशी थांबली. आतून गार हवा येत होती. थांबत होती. पुन्हा येत होती."

'श्वास' हा शब्द कुठेही नाही. 'तोंड' हा भूगोलाचा शब्द आहे आणि हवेचं येणं-थांबणं हे हवामान. दोन्ही गोष्टी शब्दशः खऱ्या आहेत, तरी खिंड श्वास घेतेय. याच्या पुढे "जणू खिंड श्वास घेत होती" असं लिहिण्याचा मोह होईल. तो आवरला तर बरं.

मग 'जणू' अजिबात वापरूच नये का?

वापरावा, पण तो लगाम आहे हे जाणून. 'जणू', 'सारखं', 'वाटलं', 'भास झाला' हे शब्द वाचकाला धीर देतात की हे खरं नाही, नुसतं तसं दिसतंय. कथेच्या सुरुवातीला हा धीर हवाच, नाहीतर वाचक बिचकतो. मग लगाम हळूहळू सैल करा. पहिल्या पानावर "झाडं ऐकत असल्यासारखी उभी होती". मध्यावर "झाडं ऐकत होती, असं तिला वाटलं". शेवटाकडे नुसतं "झाडं ऐकत होती". तिसऱ्या वेळी 'वाटलं' गळालेलं असतं आणि पात्राचा तोल कुठवर गेला ते वेगळं सांगावं लागत नाही.

उलटा क्रम मात्र हमखास फसतो. आधी ठाम विधान करून नंतर 'जणू' आणलं तर लेखकानेच माघार घेतल्यासारखं दिसतं.

अंधार, धुकं, वादळ लागतंच का?

नाही. रसशास्त्रात भावना चेतवणाऱ्या परिस्थितीला उद्दीपन विभाव म्हणतात. नाट्यशास्त्रात भयानक रसाच्या विभावांत अरण्य आणि ओस घर यांची नावं आहेतच. म्हणजे ही यादी हजारो वर्षं वापरात आहे, आणि वाचकालाही ती पाठ आहे. ओस घर दिसलं की तो सावरून बसतो. सावरून बसलेल्या माणसाला घाबरवणं जड जातं.

म्हणून उलट दिशेने या. प्रेमळ निसर्ग जास्त अस्वस्थ करतो. "ऊन ओसरीवर पाय पसरून बसलं होतं" हे सुखाचं वाक्य आहे. आतल्या खोलीत काय आहे ते वाचकाला आधीच ठाऊक असेल तर हेच वाक्य सहन होत नाही. किंवा अति अगत्य दाखवा: "वाट तिच्या पावलांपुढे आपणहून सोपी होत गेली." वाट सोपी का होतेय?

तिसरा प्रकार बेफिकिरीचा. माणूस हाका मारतोय आणि डोंगर ऐकूनही ऐकत नाही. इथे "डोंगराला ऐकू आलं नाही" आणि "डोंगराने ऐकलं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं असमर्थता, दुसरं नकार.

पेरलेला हेतू पुढे फेडायचा कसा?

तीन वाटा आहेत. एक, निसर्ग खरोखरच वागतो, म्हणजे कथा अद्भुताकडे जाते. दोन, निसर्गावर लादलेला हेतू शेवटी एखाद्या माणसाचा निघतो: रान पाहून ठेवत होतं असं वाटलं, प्रत्यक्षात रानात कोणीतरी होतं. गुन्हेकथेत ही वाट उत्तम चालते, कारण चेतनागुणोक्ती हाच माग ठरतो. मागे जाऊन वाचलं तर झाडं ज्या बाजूला 'वळून पाहत होती' तिथेच तो उभा होता. तीन, काहीच नसतं, सगळं पात्राच्या मनात होतं. ही तिसरी वाट सर्वांत अवघड. भ्रमाची किंमत पात्राला मोजावी लागली तरच ती पटते. घाबरून त्याने दिवा विझवला, आणि त्यामुळे शोधायला आलेली माणसं पुढे निघून गेली, असं काहीतरी. किंमत नसेल तर वाचकाला फसवल्यासारखं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

फेड कुठली हे पहिल्या खर्ड्यात ठरलेलं नसलं तरी चालतं. दुसऱ्यात ठरलेलं असावं.

सुरुवातीलाच लांब निसर्गवर्णन केलं तर चालेल?

थॉमस हार्डीने 1878 च्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह'मध्ये पहिलं प्रकरण अख्खं एका माळरानाला दिलं. माणूस येतो तो दुसऱ्या प्रकरणात. ते पेलतं, कारण तिथे माळ हेच पात्र आहे. लघुकथेत इतकी सवलत मिळत नाही. पहिल्या 100-150 शब्दांत माणूस, किंवा निदान माणसाची एखादी वस्तू, दिसायला हवी.

शहरातली जागा, बंद खोली, यंत्र यांनाही हे लागू आहे का?

हो. लिफ्ट, जिना, फ्रिज, नळ यांना स्वतःची हालचाल आणि आवाज असतो, त्यामुळे उलट सोपं जातं. तेवढ्यामुळेच विनोदी होण्याचा धोकाही जास्त. यंत्राला भाव देऊ नका, नुसती सवय द्या: "लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेहमी थांबायची. आज तिने तो मजला टाळला."

वाक्याची लांबी, लय यांचा किती संबंध?

चेतनागुणोक्तीचं वाक्य आजूबाजूच्या वाक्यांपेक्षा आखूड ठेवा. लांब, वळणदार वाक्यात ती काव्यमय होते. चार-पाच शब्दांत आली की बातमी होते. आधीचं वाक्य लांब असेल तर परिणाम दुप्पट. आणि उद्गारचिन्ह नको. झाडांनी काहीतरी केलंय हे थंडपणे सांगितलं तरच पटतं.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं?

रंगीत पेन्सिल घेऊन जिथे जिथे निर्जीव कर्ता माणसासारखा वागलाय तिथे अधोरेखा द्या. एका पानावर तीनपेक्षा जास्त रेघा दिसल्या तर कात्री लावायची वेळ झाली. मग प्रत्येक रेघेच्या समासात 'भा' किंवा 'हे' लिहा: भाव दिलाय की हेतू. पानभर नुसते 'भा' असतील तर वातावरण आहे आणि कथा हलत नाहीये. सगळेच 'हे' असतील तर वाचकाला दम घ्यायला जागा नाही.

त्यानंतर प्रत्येक 'हे' झाकून परिच्छेद वाचा. प्रश्न तसाच उभा राहत असेल तर ते वाक्य काढून टाका. ठोस तपशिलानेच काम केलेलं आहे. शेवटी मोठ्याने वाचा. ज्या वाक्यापाशी तुमचा आवाज आपोआप नाटकी होतो, ते बहुधा खोटं वाक्य असतं.

संपादकांनी सगळ्या चेतनागुणोक्त्या खोडल्या. काय करू?

खोडलेली प्रत तशीच एकदा शांतपणे वाचा. बहुतेक ठिकाणी कथा हलकी झालेली दिसेल, ते मान्य करा. पण एखाद्या जागी खटकेल, काहीतरी गेलं असं वाटेल. तेवढं एकच वाक्य परत मागा, आणि ते परत घालताना त्यातलं विशेषण काढून द्या.